रणभूमीवरील टेहळणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लष्करी टेहळणी म्हणजे वेषांतर, धाडस आणि जन्मजात तीक्ष्ण दृष्टी यांचा खेळ होय, ही समजूत आपल्याकडे इतकी खोलवर रुजलेली आहे की, ही एक रीतसर शिकविता येणारी आणि पुष्कळ अंशी कंटाळवाणी विद्या आहे असे सांगितल्यास ऐकणाऱ्याचा विरसच होतो. बहिर्जी नाईकांचे उदाहरण घ्यावे. त्यांच्या बहुरूपांची जी असंख्य वर्णने आज ऐकू येतात, त्यांना समकालीन कागदपत्रांचा आधार फारसा नाही. उलट, सभासदाच्या बखरीत त्यांची जी कामगिरी ठळकपणे येते ती अशी की, जालन्याच्या स्वारीहून परतताना मोगली फौजा पाठीवर असता या जासुदांच्या नाइकाने शिवाजी महाराजांना आडवाटेने सुखरूप पट्ट्याच्या किल्ल्याखाली आणून पोहोचविले. ही करामत सोंगाची नव्हती. मुलूख पायांखाली आणि डोळ्यांखाली घातलेल्या माणसाची होती.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या भूमीवर ब्रिटिश सैन्याला हाच धडा फार मोठी किंमत मोजून घ्यावा लागला. जर्मन नेमबाजांच्या गोळ्यांनी खंदकांतील माणसे रोज टिपली जात असता, ज्याची दृष्टी चांगली त्याला उभा करावा एवढीच तजवीज प्रारंभी झाली आणि ती निरुपयोगी ठरली. पुढे 1916 साली लिंगेम या गावी निशाणबाजी, निरीक्षण आणि टेहळणी यांचे एक स्वतंत्र विद्यालय मेजर हेस्केथ-प्रिचर्ड यांनी उभे केले. हे गृहस्थ 1876 साली आपल्या झाशीत जन्मलेले, प्रवासी, शिकारी आणि क्रिकेटपटू म्हणून ख्यातनाम असलेले. स्कॉटलंडच्या डोंगरांतील हरणांच्या शिकारीत मुरलेल्या माणसांची ‘लोवॅट स्काउट्स’ ही पलटण बोअर युद्धाच्या वेळी, 1900 साली, उभारण्यात आली होती. महायुद्धातही दुर्बिणीच्या कामात तिच्या जवानांची बरोबरी कोणाला करता येत नसे. त्यांचे डोळे इतरांहून निराळे होते असे समजण्याचे कारण नाही. दगड, गवत आणि सावली यांच्या गर्दीत कोणती वस्तू तेथील नव्हे, हे ओळखण्याची सवय त्यांना बालपणापासून जडलेली होती, आणि हीच सवय मैदानात वाढलेल्या तरुणालाही दीर्घ सरावाने जडविता येते.

दुसरा गैरसमज लपण्याविषयीचा आहे. अंगावर हिरवा-मातकट पोशाख चढविला की माणूस झाडीत विरून जातो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः मनुष्याला उघडा पाडणारी पहिली गोष्ट म्हणजे त्याची हालचाल, आणि त्यानंतर त्याचा आकार, त्याची सावली, काचेची वा धातूची चकाकी, आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर उमटणारी त्याची बाह्यरेषा. रंगाचा क्रम यांच्यानंतर लागतो. म्हणूनच डोंगराच्या धारेवर उभे राहणे हा या विद्येतील अक्षम्य प्रमाद मानतात. फ्रान्समधील खंदकांची हकीगत या बाबतीत विलक्षण बोधक आहे. ब्रिटिशांनी आपल्या खंदकांचे कठडे शिस्तीच्या हौसेने साफसूफ आणि समतल राखले, त्यामुळे त्यांवरून जरा वर आलेले डोके दुरूनही ठळक दिसे. जर्मनांच्या कठड्यांवर मात्र रंगीबेरंगी पोत्यांचा आणि मोडक्या सामानाचा असा पसारा असे की, त्यातील बंदुकीचे भोक हुडकता हुडकता निरीक्षकाचे डोळे थकून जात. कवायतीच्या मैदानावरील टापटीप येथे प्राणघातक ठरली, हे पटवून देण्यास प्रिचर्ड यांना बराच झगडा करावा लागला. शत्रूचा नेमबाज नेमका कोठे दडला आहे हे शोधण्यासाठी कागदाच्या लगद्याची हुबेहूब मुंडकी कठड्यावर उचलून धरीत. गोळी मुंडक्यातून आरपार गेली की तिच्या भोकांच्या रेषेत परिदर्शक लावून, पाहणाराने स्वतः खालीच सुरक्षित राहून, ती कोठून आली याचा छडा लावीत.

दुर्बीण जितकी शक्तिमान तितकी चांगली, हाही भ्रमच. वर्धनशक्ती वाढते तसे दृष्टिक्षेत्र आकुंचित होते, हाताचा कंप वाढतो आणि तापलेल्या जमिनीवरील हवेची थरथरही मोठी होऊन दिसते. म्हणून आधी साध्या डोळ्यांनी, मग लहान दुर्बिणीने, आणि संशयित जागा निश्चित झाल्यावरच मोठ्या दुर्बिणीने पाहावे, असा परिपाठ आहे. जवळून दूरवर, एकमेकींवर थोड्या चढणाऱ्या पट्ट्यांनी जमीन तपासावयाची असते.

रात्रीविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अंधाराला डोळे सरावण्यास अर्धा तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि एका काडीच्या प्रकाशाने तो सारा सराव क्षणात नष्ट होतो. शिवाय नेत्रपटलाच्या मध्यबिंदूत मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसल्यामुळे, अंधारात ज्या वस्तूकडे आपण रोखून पाहतो तीच नाहीशी होते. ती दिसण्यासाठी नजर तिच्या किंचित बाजूला ठेवावी लागते.

परंतु माझ्या मते सर्वांत घातक गैरसमज हा की, पाहिले म्हणजे काम झाले. निरीक्षकाचे खरे काम त्याच्या रोजनाम्यात असते. वेळ, ठिकाण, दिसलेली गोष्ट यांची तपशीलवार नोंद करावयाची, आणि त्यावरून बांधलेला तर्क निराळा ठेवावयाचा, ही शिस्त अंगी बाणण्यास नेमबाजीहून अधिक काळ लागतो. प्रिचर्ड यांनी सांगितलेला एक प्रसंग असा : जर्मन हद्दीत एके ठिकाणी एक ठिपकेदार मांजर ऊन खात बसलेले वारंवार दिसले आणि निरीक्षकाने ते जसेच्या तसे टिपून ठेवले. खंदकात मांजर पाळण्याची चैन साध्या शिपायाला परवडावयाची नाही, तेव्हा तेथे अधिकाऱ्यांचे ठाणे असावे, असा तर्क त्यावरून करण्यात आला. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांनी त्याची रुजुवात झाली, आणि नंतरच तोफा डागल्या गेल्या. निरीक्षकाने मांजराऐवजी थेट ठाणेच लिहून टाकले असते, तर त्या खबरीची पारख करावयास कोणाला आधारच उरला नसता. लोवॅटच्या माणसांवर वरिष्ठांचा जो इतबार होता, त्याचे मूळ येथे आहे : जे दिसले नाही ते त्यांनी कधी कळविले नाही.

उपग्रह आणि मानवरहित विमाने आल्यावर या साऱ्याची मातब्बरी संपली, असे हल्ली ऐकू येते. पण महू येथील इन्फन्ट्री स्कूलमध्ये नेमबाजांचे शिक्षण आजही चालू आहे. आणि 1999 च्या मे महिन्याच्या आरंभी कारगिलजवळच्या बटालिक भागातील घुसखोरीची वर्दी सैन्याला दिली ती ताशी नामग्याल या मेंढपाळाने. हरवलेला याक शोधण्यासाठी तो दुर्बिणीतून कडे न्याहाळीत असता, त्या उंचीवर खोदकाम करणारी परकी माणसे त्याच्या दृष्टीस पडली. आणि तो डोंगर त्याच्या नित्य परिचयाचा असल्यामुळे, त्या जागी ती माणसे असावयास नकोत हे त्याला तत्काळ उमगले.