घोड्यांसाठी हलका ट्रेलर : वजन, जागा आणि कायदा

कार्तिकात पुष्करला आणि दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला घोडे नेणारे बहुसंख्य अश्वपालक आजही ट्रक, टेम्पो किंवा पिकअपवर अवलंबून असतात. या वाहनांचा मजला उंच असतो. घोडा चढवताना मातीचा उंचवटा शोधावा लागतो आणि उतरवताना बऱ्याचदा त्याला उडी मारावी लागते. गुडघ्याला व खुराला होणाऱ्या दुखापतींचे ते एक सहज टाळता येणारे कारण आहे. स्वतःच्या वाहनामागे जोडता येणारा, बुटक्या मजल्याचा आणि उतरत्या फळीचा ट्रेलर हा याला चांगला पर्याय आहे. म्हणूनच प्रगतिशील अश्वपालकांत ‘हलक्या’ ट्रेलरविषयी विचारणा वाढत आहे. मात्र ‘हलका’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतल्याशिवाय खरेदी करू नये.

विक्रेता सांगतो ते वजन रिकाम्या ट्रेलरचे असते. रस्त्यावर महत्त्व असते ते एकूण भाराला. दोन घोड्यांचा ॲल्युमिनियमचा ट्रेलर रिकामा ८५० किलो व तेवढाच लोखंडी ट्रेलर ११५० किलो आहे असे धरू. त्यात प्रत्येकी ४०० किलोचे दोन घोडे आणि पाणी, चारा, चंदी व खोगीर मिळून १२० किलो चढवले, तर पहिल्याचा एकूण भार १७७० आणि दुसऱ्याचा २०७० किलो होतो. महागड्या धातूने वाचवलेले ३०० किलो एका घोड्याच्या वजनाहूनही कमी भरतात. ही बचत निरुपयोगी नाही, पण तिच्या भरवशावर लहान मोटारीमागे दोन घोडे जोडणे धोक्याचे आहे. ओढणारे वाहन किती भार ओढू शकते, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावे. ब्रेक असलेल्या व नसलेल्या ट्रेलरसाठी हा आकडा वेगवेगळा असतो. पुस्तिकेत तसा आकडाच नसेल, तर ते वाहन या कामासाठी नाही असे समजावे. इंजिनाची ताकद हा येथे निकष नव्हे. ओढण्यापेक्षा थांबवणे अवघड असते, त्यातही उताराच्या घाटात अधिकच.

म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. युरोपात ७५० किलोपेक्षा अधिक एकूण भाराच्या ट्रेलरला ते सक्तीचेच आहेत. साध्या यांत्रिक रचनेत पुढचे वाहन मंदावले की ट्रेलर जोडणीवर दाब देतो आणि त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. जोडणी चुकून सुटली, तर ब्रेक आपोआप लावणारी सुरक्षा-तारही असावी. किंमत किंवा वजन कमी करण्यासाठी हे दोन भाग वगळलेला ट्रेलर कितीही देखणा असला, तरी घेऊ नये.

वजन कमी करण्याचा दुसरा, कमी लक्षात येणारा मार्ग म्हणजे घोड्याची जागा कमी करणे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२५-ई नुसार जनावरे वाहणाऱ्या वाहनात प्रत्येक जनावरासाठी कायमस्वरूपी स्वतंत्र कप्पा आवश्यक असून घोडा अथवा घोडीसाठी तो किमान २.२५ चौरस मीटर हवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हाही मोटार वाहनच असल्याने ही अट त्यालाही लागू होते. ९० सेंटिमीटर रुंद आणि अडीच मीटर लांब कप्पा हे माप बरोबर पूर्ण करतो. ८० सेंटिमीटर रुंद व २.२ मीटर लांब कप्पा जेमतेम १.७६ चौरस मीटर भरतो. परदेशी नमुन्यावर बांधलेल्या ट्रेलरचे कप्पे म्हणूनच टेप लावून मोजावेत. उंचीही घोड्यावरून ठरवावी. खांद्याशी ६४ इंच, म्हणजे सुमारे १६३ सेंटिमीटर भरणाऱ्या मारवाडी घोड्याला मान उचलायला पुरेशी मोकळीक लागते, तर भीमथडीसारख्या लहान चणीच्या घोड्याचे काम कमी उंचीत भागते.

मजला मात्र आच्छादन उचलूनच तपासावा. घोड्याच्या मूत्राने लाकूड कुजते आणि ॲल्युमिनियमही गंजते. वरची रबरी चटई नवी असली, तरी खालच्या फळ्या पोकळ झालेल्या असू शकतात. जुन्या ट्रेलरच्या खरेदीत ही तपासणी रंग किंवा टायरपेक्षा महत्त्वाची आहे.

आता नोंदणीविषयी. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी आवश्यक असते आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक ट्रेलरवरही दिसावा लागतो. नोंदणीसाठी त्या नमुन्याला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी असावी लागते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशी एक संस्था आहे. गावच्या फॅब्रिकेटरकडून बांधून घेतलेला ट्रेलर मजबूत असला, तरी तो येथेच अडतो. वेल्डिंग करून बसवलेल्या हुकाचेही तसेच आहे. वाहनात अनधिकृत बदल केल्यास विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. कोणत्या वाहनामागे कोणता ट्रेलर चालेल, हे प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून खरेदीपूर्वी लेखी विचारून घ्यावे. जनावरांच्या वाहनाला या कार्यालयाचा विशेष परवाना लागतो आणि त्यातून इतर माल नेता येत नाही. मर्यादेपेक्षा जास्त भार आढळल्यास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घोडे नेण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. परंतु नियमांच्या व्याख्येतच ती मुख्यतः शेतीमालासाठी आहे.

प्राणी वाहतूक नियम, १९७८ मधील घोड्यांविषयीच्या तरतुदी मालवाहू वाहने डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या असल्या, तरी ट्रेलरसाठीही त्याच कसोट्या धराव्यात. प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र, न घसरणारा मजला, सोबत एक मोतद्दार आणि ताशी ३५ किलोमीटरपेक्षा अधिक नसलेला वेग या त्यातील मुख्य अटी. घोड्यांची तोंडे समोरून येणाऱ्या वाहतुकीपासून दूर, म्हणजे डावीकडे असावीत असेही नियम सांगतो. तिरप्या कप्प्यांचा ट्रेलर घेताना हे पाहावे. या वेगाने ३०० किलोमीटरला साडेआठ तासांहून अधिक वेळ लागतो. पाणी पाजण्याचे थांबे त्या हिशेबाने आधीच ठरवावेत. मोतद्दाराने ओढणाऱ्या वाहनात बसावे, घोड्यांजवळ नव्हे. जत्रेला जाण्यापूर्वी ग्लँडर्सची चाचणीही करून घ्यावी. हा रोग घोड्यांकडून माणसालाही होतो.

भार कसा वाटला जातो, यावर ट्रेलरची स्थिरता अवलंबून असते. एकूण भाराचा साधारण दहावा हिस्सा जोडणीवर यावा. मात्र ओढणाऱ्या वाहनाच्या पुस्तिकेतील जोडणीभाराची मर्यादा ओलांडू नये. भार मागे गेला, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. एकच घोडा न्यायचा असल्यास त्याला उजव्या कप्प्यात उभे करावे, कारण आपल्याकडे रस्त्याचा उतार डावीकडे असतो. घोडा आत गेल्यावर आधी मागचा आडवा दांडा लावावा आणि नंतर मोरकीचे दावे बांधावे. उतरवताना क्रम उलटा ठेवावा. दावे बांधलेले असताना मागचा दांडा निघाला, तर घोडा मागे सरतो, दाव्याला हिसका बसतो आणि तो उभा राहून डोके आपटतो. पहिल्या प्रवासाआधी आठ-दहा दिवस ट्रेलर वाहनाला जोडून, सपाट जागी उभा करून त्यातच घोड्याला चंदी द्यावी. निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून जोडणी, सुरक्षा-तार, दिवे आणि चाकांचे नट एकदा पुन्हा पाहावेत.