खड्डा कोणाचा ?

आषाढ लागला कीं आमच्या घरोघरीं ज्या विषयावर बिनचूक बोलणें होतें, तो विषय म्हणजे रस्त्यांतील खड्डे. चहाच्या वेळीं, लग्नघरीं, देवळाच्या ओट्यावर, जेथें चार सुशिक्षित गृहस्थ एकत्र जमतात तेथें पहिल्या घटकेंतच नगरपालिकेचा उद्धार होतो. कंत्राटदारानें डांबर खाल्लें, अधिकाऱ्यानें टक्केवारी खाल्ली, निवडून दिलेल्यांनीं उरलेंसुरलें खाल्लें, असा हिशेब करून मंडळी समाधानानें आपापल्या घरीं जातात. आम्हीही या मंडळींपैकींच. जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविल्यावर निवृत्तीच्या काळांत खड्ड्यांविषयीं आम्हीं स्थानिक पत्रास तीन पत्रें लिहिलीं, व तीं छापूनही आलीं.

गेल्या पावसाळ्यांत मात्र असा एक प्रसंग घडला कीं, तेव्हांपासून या विषयावर आमची जीभ पूर्वीसारखी सैल सुटत नाहीं. तो प्रसंग वाचकांस सांगावा, व त्या निमित्तानें आम्हांस ज्या चार गोष्टी कळल्या त्याही त्यांच्यापुढें ठेवाव्या, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

चैत्रांत आमच्या घरचें पाणी जवळजवळ आटलें. जुना लोखंडी नळ आंतून गंजून भरला होता. नवी जोडणी घ्यावयाची तर मुख्य नळ रस्त्याच्या पलीकडील कडेस. आम्हीं रीतसर अर्ज केला, रस्ता खोदाईचें शुल्क भरलें व पावती घेतली. प्लंबरच्या माणसांनीं एका रात्रींत रस्ता आडवा खणून नळी टाकली, निघालेली माती फावड्यानें परत लोटली व वर डांबराचे तुटके पोपडे पसरले. "यावर धुम्मस नको का ?" असें आम्हीं विचारलें. "पाऊस पडला कीं आपोआप बसेल," असें उत्तर मिळालें. नळास धार मोठी आली होती. त्या आनंदांत आम्हीं पैसे दिले, व विषय संपला.

माती खरोखरच आपोआप बसली. ज्येष्ठाच्या अखेरीस तो चर वीतभर खोल गेला, आषाढांत त्याच्या दोन्ही कडा तुटून रुंद खड्डा झाला, आणि श्रावणांत तो पाण्यानें भरून रस्त्याशीं एकजीव दिसूं लागला. सकाळीं दूध आणतांना आम्ही रोज त्यास वळसा घालीत होतों, आणि वळसा घालतांना नगरपालिकेस नांवें ठेवीत होतों. तो आपणच खणविला होता, ही गोष्ट मनांतून पार गेली होती.

श्रावणांतल्या एका शनिवारीं सायंकाळीं आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या आईस मारुतीच्या दर्शनास नेऊन दुचाकीवरून परत येत होता. पाऊस पडत होता व रस्त्यावरचा दिवा बंद होता. आमच्या दारासमोरच गाडी त्या पाण्यांत गेली. मुलाचें मनगटावर निभावलें. मागें बसलेल्या आईचें खुब्याचें हाड मोडलें. त्या बाई सत्तरीच्या आहेत. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढचे दोन महिने त्यांचे अंथरुणांत गेले.

आम्ही समाचारास गेलों तेव्हां विद्यार्थी संतापून म्हणाला, "सर, या लोकांवर खटलाच भरला पाहिजे." आम्हीं मान डोलविली व घरीं परतलों. त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. तिसऱ्या दिवशीं पुन्हां गेलों आणि त्या मायलेकरांस नळजोडणीची सारी हकीकत सांगितली. विद्यार्थी खालीं पाहून गप्प बसला. थोड्या वेळानें त्याची आई म्हणाली, "गुरुजी, खणला तुम्हीं असेल, पण दोन महिने तो सगळ्या आळीनें पाहिला. मीसुद्धां त्याला वळसा घालूनच जात होतें. एक दगड आणून कोणीं कडेला ठेवला नाहीं."

या बोलण्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पण खड्डा होतो कसा, हें तरी एकदां नीट समजून घ्यावें असें वाटलें. आमच्या शेजारीं बांधकाम खात्यांतून निवृत्त झालेले एक अभियंते राहतात. त्यांच्याकडे जाऊन बसलों. त्यांचें म्हणणें असें कीं, रस्त्याचा मुख्य शत्रु वाहन नव्हे, तर तुंबलेलें पाणी. वरचा काळा थर हें केवळ छप्पर आहे. खरा भार पेलतात ते त्याच्या खालचे खडीचे व मुरुमाचे थर आणि त्यांच्याही खालची जमीन. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जॉन मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थानें हेंच तत्त्व धरून रस्ते बांधले : मूळ जमीन कोरडी ठेवा, वर लहान कोनदार खडी दाबून बसवा, आणि रस्त्याची पाठ मध्यें किंचित् उंच ठेवा, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंस निघून जाईल.

पाणी निघून न गेलें तर तें बारीक भेगेंतून आंत शिरतें. चाक वरून गेलें कीं तें दाबलें जातें, आणि उसळतांना खालची बारीक माती बरोबर घेऊन येतें. खडीवरचें डांबर सुटूं लागतें. आंत पोकळी होते व एके दिवशीं वरचें छप्पर खचतें. पावसांत एका रात्रींत पडलेला वाटणारा खड्डा पुष्कळ दिवस आंतून तयार होत असतो. त्यांत जड वाहनांची भर. १९५८ ते १९६० या काळांत अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर प्रयोग झाले. त्यांवरून आंसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारें सोळापट होते, असें अनुमान निघालें. मर्यादेपेक्षां अधिक माल भरलेला एक ट्रक किती हानि करीत असेल, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

खड्डा बुजविण्याचीही रीत आहे. त्याच्या वेड्यावांकड्या कडा सरळ उभ्या कापून चौकोन करावा. आंतील चिखल व धूळ काढून तो कोरडा करावा. तळास व कडांस पातळ डांबर लावावें. मग गरम डांबरी खडी भरून ती रोलरनें किंवा धुमसानें घट्ट दाबावी. पाण्यानें भरलेल्या खड्ड्यांत दोन पाट्या मुरूम ओतून निघून जाणें ही बुजवणी नव्हे. तो मुरूम पुढच्या सरीबरोबर गटारांत जातो, व खर्च तेवढा कागदावर राहतो.

हें ऐकत असतां आम्हांस कौटिल्याची आठवण झाली. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्रांत नगराच्या कारभाराचा अध्याय आहे. रस्त्यावर केरमाती टाकणाऱ्यास पणाचा आठवा भाग दंड, आणि चिखल किंवा पाणी तुंबविणाऱ्यास पाव पण, म्हणजे दुप्पट दंड, असें तेथें सांगितलें आहे. अपराध राजमार्गावर घडल्यास तो आणखी दुप्पट. हा अध्याय आम्हीं पूर्वी अनेकदां वाचला होता. पण कचऱ्यापेक्षां तुंबलेल्या पाण्यास अधिक दंड कां, हा प्रश्न कधीं पडला नव्हता. आणि हा दंड अधिकाऱ्यास नसून रस्त्याशेजारीं राहणाऱ्या आमच्यासारख्या गृहस्थास आहे, हेंही तेव्हां लक्षांत आलें नव्हतें.

याचा अर्थ सरकार व नगरपालिका निर्दोष आहेत असा कोणीं घेऊं नये. चांगला रस्ता आपल्या हवेंत टिकत नाहीं, ही सबब खोटी आहे. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ च्या आरंभीं मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीनें बांधून दिला, तो दहा वर्षांच्या हमीवर. त्या अवधींत खड्डा पडल्यास कंपनीनें स्वखर्चानें दुरुस्त करावा, अशी अट होती. हमीची मुदत संपल्यावरही कित्येक पावसाळे तो रस्ता तसाच उभा राहिला, हें पुणेकर आजही अभिमानानें सांगतात. आपल्याकडे जाणत्या माणसांचीही वाण नव्हती. देशांतील रस्त्यांचा विचार करण्यासाठीं १९२७ सालीं नेमलेल्या समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. त्या समितीच्या शिफारशींमुळेंच पुढें रस्त्यांसाठीं निराळा निधि निघाला, आणि १९३४ सालीं रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांची इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. ज्ञान होतें, पैसाही होता. कमी पडली ती केलेल्या कामाची जबाबदारी.

तिचें मोल माणसांच्या जिवानें द्यावें लागतें. २०१३ ते २०१७ या पांच वर्षांत देशांत खड्ड्यांमुळें झालेल्या अपघातांत १४,९२६ माणसें दगावलीं, ही संख्या २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आली, व न्यायालयानें तीव्र खेद व्यक्त केला. मुंबई उच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२५ मध्यें त्याच्याही पुढें जाऊन असा आदेश दिला कीं, खड्ड्यामुळें किंवा उघड्या मॅनहोलमुळें मृत्यु आल्यास वारसांस सहा लक्ष रुपये, आणि जखमी झाल्यास पन्नास हजारांपासून अडीच लक्षांपर्यंत भरपाई मिळावी. हा आदेश प्रत्येक घरीं माहीत असला पाहिजे. परंतु भरपाई हाड मोडल्यानंतरची आहे. मोडण्याच्या आधींचें काम आपलें आहे.

तें काम मोठें नाहीं. आपल्या गच्चीचें पन्हाळ रस्त्यावर सुटलें आहे कीं गटारांत, हें पाहावें. मोटार आंत घेण्यासाठीं दारापुढें उतार बांधतांना खालचें गटार बुजलें नाहीं ना, तें पाहावें. उत्सवाच्या मांडवासाठीं रस्त्यांत खांब पुरले असतील तर मांडव उतरतांना तीं भोकें नीट भरवून घ्यावीं. नळासाठीं किंवा तारेसाठीं रस्ता खणविला, तर दबाई होईपर्यंत शेवटचा पैसा देऊं नये, आणि खणलेला भाग पुन्हां पक्का होईपर्यंत कचेरीच्या पाठीस लागावें. तक्रार तोंडी न करतां छायाचित्रासह लेखी द्यावी व पोंच घ्यावी. आणि यांतलें कांहींच न जमलें, तर निदान खड्ड्याच्या कडेस दगड ठेवून त्यांत एक झाडाची फांदी उभी करावी. शाळा पाहिलेली नसलेला गाडीवान पूर्वी हें करीत असे. आम्हां शिकलेल्यांस तें सुचलें नाहीं.

विहीर, तळें, बाग, अन्नछत्र अशीं लोकोपयोगी कामें आपल्या धर्मशास्त्रांत 'पूर्त' या नांवानें पुण्यकारक मानलीं आहेत. हल्लीं विहीर खणण्याचें सामर्थ्य फारच थोड्यांस असेल. पण आपण खणलेलें भरून देणें हें प्रत्येकास शक्य आहे, व आमच्या मतें तेंही पूर्तच होय.

कार्तिकांत पाऊस पूर्ण उघडल्यावर आम्हीं परवानगी काढून तो चर पुन्हां उकरविला. अभियंते स्वतः खुर्ची टाकून बसले, व थरावर थर दाबून घेतल्यावांचून त्यांनीं माणसांस हलूं दिलें नाहीं. विद्यार्थ्याची आई आतां काठी घेऊन चालते. देवळास जातांना ती आमच्या दारासमोर क्षणभर थांबते, काठीनें ती जागा दोनदां ठोकून पाहते, आणि मग पुढें जाते.