आधी ओळख, मग सफाई

गंजलेला जुना मायक्रोमीटर हाती आला की पहिला मोह होतो तो पॉलिश पेपर घेऊन घासायचा. तो टाळलाच पाहिजे. या हत्याराची ओळख आणि अचूकता, दोन्ही त्याच्या अगदी वरच्या पातळ थरात असतात. कारखान्याचं कोरलेलं नाव, पेटंटची तारीख, मापाच्या रेषा आणि वस्तूला टेकणारी दोन सपाट टोकं तिथेच आहेत. गंजाबरोबर तीही घासली जातात.

फ्रान्सच्या ज्याँ लोराँ पामर यांनी १८४८ मध्ये स्क्रूवर चालणाऱ्या या मापकाचं पेटंट घेतलं. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात जोसेफ ब्राउन आणि लुसियन शार्प या अमेरिकन कारखानदारांनी ते पाहिलं आणि लवकरच पत्र्याची जाडी मोजणारी, खिशात मावणारी आवृत्ती बाजारात आणली.

नाव पुसलं गेलं असेल तर रेषा मोजाव्यात. मेट्रिक मायक्रोमीटरच्या स्क्रूचे आटे बहुधा अर्ध्या मिलिमीटरवर असतात आणि फिरत्या नळीवर ५० भाग, म्हणून एक भाग म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. इंची हत्यारात इंचाला ४० आटे आणि नळीवर २५ भाग. तिथे एक भाग म्हणजे इंचाचा हजारावा हिस्सा, कारागिरांचा एक ‘थाऊ’.

काळ ठरवताना मात्र सावध राहावं. पेटंटची तारीख म्हणजे हत्यार घडवल्याचं वर्ष नव्हे. ते त्याआधीचं नाही, एवढंच त्यातून कळतं. नावं अधिक बोलकी असतात. पोलादी पट्टीवर ‘डार्लिंग, ब्राउन अँड शार्प’ असेल तर ती १८६६ ते १८९२ या भागीदारीच्या काळातली. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ नंतरची, कारण तो देशच तेव्हा जन्मला.

ओळख पटली, फोटो काढून झाले, की हत्यार रॉकेलमध्ये भिजवावं, मऊ ब्रशने साफ करावं आणि पातळ तेल लावावं. व्हिनेगर गंज विरघळवतं खरं, पण आम्ल गंजापाशी थांबत नाही. ते खालचं पोलादही खातं आणि बारीक रेषा पुसट करतं.

चकाकी आली म्हणजे माप बरोबर आलं असं नाही. स्क्रू सगळीकडे सारखा झिजत नाही. जिथे जास्त वापर, तिथे जास्त झीज. म्हणून शून्य जुळलं तरी मधलं माप चुकू शकतं. तपासणीसाठी स्लिप गेज, म्हणजे ठरावीक जाडीचे अचूक ठोकळे, वापरतात, तेही ५.१, १०.३, १२.९ मिलिमीटर असे. पूर्ण आकडेच घेतले तर नळी दर वेळी त्याच जागी थांबते आणि एका फेऱ्यातली चूक लपून राहते. गेज आणि मायक्रोमीटर आधी काही तास एकत्र ठेवावेत, म्हणजे दोन्हींचं तापमान सारखं होतं. मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस.

टोकांचा सपाटपणा ऑप्टिकल फ्लॅट नावाच्या काचेखाली दिसतो. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात तिथे पट्टे उमटतात आणि लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये फट सुमारे ०.३ मायक्रॉनने बदलते. पट्टे सरळ आणि समांतर असतील तर टोकांना हात लावू नये. गेजवर आढळलेली चूक मात्र चिठ्ठीवर लिहून हत्याराच्या डबीत ठेवावी, म्हणजे पुढच्याला तेवढी वजाबाकी करता येते.