एक शून्यापेक्षा मोठा कशावरून?

जूनच्या मध्याला आपल्याकडे शाळेच्या घंटा वाजू लागतात, तेव्हा अमेरिकेतल्या मुलांची उन्हाळी सुट्टी नुकती कुठे लागलेली असते. विद्यापीठांची वसतिगृहं रिकामी होतात आणि दोन ते सात आठवड्यांसाठी तिथे शाळकरी मुलं राहायला येतात. प्री-कॉलेज समर प्रोग्राम म्हणतात तो हा. परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत हे नाव आता सर्रास ऐकू येतं आणि दहावी-अकरावीच्या मुलांचे आईबाप त्यासाठी मुदत ठेव मोडायलाही तयार असतात.

पण या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. हार्वर्डचा दोन आठवड्यांचा कार्यक्रम घ्या. शुल्क पाच हजार डॉलरच्या वर, विमानभाडं वेगळं. गुण नाहीत, क्रेडिट नाही. इथे आल्याने पुढे पदवीला प्रवेश मिळेल असं समजू नका, हे अशा बहुतेक संस्था स्वतःच सांगतात. मुलाला चार देशांतले मित्र मिळतात, घरापासून दूर राहता येतं, हे खरंच. पण तेवढ्यासाठी चार-पाच लाख? मला तो सौदा महाग वाटतो.

दुसरा प्रकार जुना आहे. अरनॉल्ड रॉस या गणितज्ञाने 1957 मध्ये नोत्र दाम विद्यापीठात उन्हाळी वर्ग सुरू केला. सोव्हिएत संघाचा स्पुतनिक उपग्रह त्याच वर्षी ऑक्टोबरात उडाला आणि विज्ञानशिक्षणासाठी अमेरिकी सरकारने तिजोरी उघडली. रॉस यांचा वर्ग मात्र त्याआधीच भरला होता. 1964 मध्ये तो ओहायो राज्यात गेला. रॉस नव्वदी ओलांडेपर्यंत दर उन्हाळ्यात शिकवत राहिले. 2002 मध्ये ते गेले, वर्ग अजून चालू आहे.

तिथे पहिल्यांदा गेलेल्या मुलाचे सुरुवातीचे दिवस अवघड जातात. शाळेत तो पहिल्या नंबरचा, ऑलिम्पियाडची पुस्तकं कोळून प्यालेला. आणि हातात पडलेल्या पहिल्या कागदांवर प्रश्न काय, तर कुठल्याही संख्येला शून्याने गुणलं की शून्यच का येतं? एक शून्यापेक्षा मोठा आहे हे सिद्ध करा. ‘दिसतंच की’ हे उत्तर चालत नाही. मोजके नियम गृहीत धरायचे आणि प्रत्येक पायरी त्यांतूनच काढायची. लिहिलेला कागद समुपदेशक तपासतो. हा समुपदेशक म्हणजे कॉलेजातला पोरगाच, त्याच वसतिगृहात राहणारा, बहुधा या वर्गातून गेलेला. तो उत्तर सांगत नाही. कुठली पायरी हवेत आहे तेवढं दाखवून कागद परत देतो.

दिवसाला एक व्याख्यान, उरलेला वेळ प्रश्नांचा. गंमत अशी की प्रश्न व्याख्यानाच्या पुढे धावतात. 5 म्हणजे 1 अधिक 4, 13 म्हणजे 4 अधिक 9, 17 म्हणजे 1 अधिक 16: या विषम मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत बसतात. 7, 11, 19 बसत नाहीत. का? मुलं पानंच्या पानं आकडे मांडतात. मग कोणाच्या तरी लक्षात येतं की बसणाऱ्यांना 4 ने भागलं तर बाकी 1 उरते, न बसणाऱ्यांना 3. इथवर येणं सोपं. हे कायमच असंच घडणार, हे सिद्ध करायला मात्र बरीच तयारी लागते, आणि ते व्याख्यानात येईपर्यंत मुलगा त्याच्याशी झटलेला असतो. सहा आठवडे हेच. ज्याला हे आवडत नाही त्याच्यासाठी ही शिक्षा ठरेल, तेही सांगायला हवं.

याच मुशीतून बॉस्टन विद्यापीठात 1989 पासून ‘प्रॉमिस’ हा सहा आठवड्यांचा वर्ग चालतो. एमआयटीतल्या रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये तर निवड झालेल्यांना शिकण्या-राहण्याचं शुल्कच नाही. रॉस आणि प्रॉमिस यांना शुल्क आहे, पण गरजूंना मदतही आहे. तिन्हीकडे जागा थोड्या आणि गाळणी बारीक.

आपल्याकडेही अशा शिकण्याचे पत्ते आहेत. अमेरिकेत पर्ड्यूला शिकवणाऱ्या श्रीराम अभ्यंकरांनी 1976 मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभारलं. शाळकरी मुलांना तिथे शिकवणीपलीकडचं गणित भेटतं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे देशातल्या ऑलिम्पियाडच्या निवडीचं आणि शिबिरांचं काम आहे. त्या शिबिरांना पैसे भरून जाता येत नाही, परीक्षा ओलांडूनच जावं लागतं.

तेव्हा माहितीपत्रकावरचं विद्यापीठाचं नाव वाचण्याआधी अर्ज वाचा. रॉस आणि प्रॉमिसच्या अर्जात अवघड गणितं दिलेली असतात आणि ती कोणाच्याही मदतीशिवाय सोडवायची असतात. अमेरिकेला पाठवायचा विचार नसला तरी ती मुलासमोर ठेवा, काही आठवडे द्या, आणि क्लासच्या सरांना विचारू देऊ नका.