त्रिकोणांची नावे आणि एक अध्याहृत शब्द

कुडाळ तालुक्यातील पिंगुळी गावी एखादे कौलारू घर बाजूने पाहिले, तर दोन तिरपे वासे, ते जेथे मिळतात ते आढे आणि खालची आडवी तुळई यांचा त्रिकोण सहज नजरेस येतो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने भूमितीत शिरावे यास निमित्त मात्र छपराचे नसून नावांचे आहे. काटकोन त्रिकोण, विशालकोन त्रिकोण आणि लघुकोन त्रिकोण ही तीन नावे एकाच साच्यातील दिसतात. परंतु त्यांचा विग्रह एकाच रीतीने करता येत नाही.

सपाट पृष्ठावरील त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश असते. म्हणून एक कोन ९० अंशांचा झाला की उरलेल्या दोहोंच्या वाट्यास मिळून ९० अंशच येतात, व ते दोन्ही लघुकोन ठरतात. एक कोन विशाल असेल तर हा वाटा आणखी आकसतो. अर्थात त्रिकोण कोणताही असो, त्यात निदान दोन लघुकोन असावयाचेच. आता ‘ज्यात काटकोन आहे तो काटकोन त्रिकोण’ हा विग्रह निर्दोष आहे. पण त्याच चालीवर ‘ज्यात लघुकोन आहे तो लघुकोन त्रिकोण’ म्हणू गेल्यास यच्चयावत् त्रिकोण त्या व्याख्येत शिरतात! येथे ‘तिन्ही’ हा शब्द अध्याहृत आहे. विद्यार्थी चुकतो तो नेमका येथेच, आणि दोष त्याच्या गणितापेक्षा नावाचा अधिक आहे.

भुजांवरून पडलेल्या नावांतही असाच एक शब्द दडलेला आहे. छपराचे दोन्ही वासे सारख्या लांबीचे असले की त्रिकोण समद्विभुज होतो. वासे तुळईशी ३० अंशांचा कोन करीत असतील तर आढ्यापाशी १२० अंशांचा विशालकोन होतो. तुळई तीच ठेवून आढे उंच नेत गेल्यास ४५ अंशांच्या उतारास तेथे काटकोन येतो व त्यापुढे लघुकोन. या प्रवासात एकाच ठिकाणी, ६० अंशांवर, तिन्ही भुजा समान होतात. तेवढ्यापुरता तो समद्विभुज राहिला नाही असे मानावयाचे काय? युक्लिडने ‘दोनच भुजा समान’ असा अर्थ घेऊन समभुजास वगळले. अर्वाचीन गणित ‘निदान दोन’ असा अर्थ घेते. समद्विभुजाविषयी सिद्ध झालेले सारे समभुजास लागू पडत असल्याने हा दुसरा अर्थच आम्हांस ग्राह्य वाटतो. समभुज वेगळा मोजला तर भुजा व कोन यांच्या मेळाने सात प्रकार होतात, नऊ नव्हेत. कारण समभुजाला काटकोन वा विशालकोन संभवतच नाही.

(जाता जाता: ‘त्रिकोण’ या तत्समात ण टिकला, ‘काटकोन’ आणि ‘चौकोन’ यांत न आला. ‘कोण’ हे मराठीत प्रश्नार्थक सर्वनाम असल्याने हा भेद सोयीचाच झाला.)

कोनाचे नाव न घेताही हा भेद सांगता येतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) १० व १७ भुजांचा आणि ९ भूमीचा त्रिकोण उदाहरणादाखल दिला आहे. लंबामुळे भूमीचे जे दोन खंड पडतात त्यांस तेथे आबाधा म्हटले आहे. त्या येथे १५ आणि ऋण ६ अशा निघतात. लंब ८ व क्षेत्रफळ ३६ येते. ऋण आबाधा याचा अर्थ ती उलट दिशेस मोजावयाची, म्हणजे लंब भूमीच्या बाहेर पडतो. आपण ज्यास विशालकोन त्रिकोण म्हणतो तो हाच.