चंबळेची वाळू

नदीचे वैभव तिच्या पाण्यात असते, असे आपण सहज म्हणतो. चंबळेकडे पाहिले म्हणजे मात्र हे विधान अपुरे वाटू लागते. महूनजीक विंध्य पर्वतात उगम पावून सुमारे ९६० किलोमीटरांच्या प्रवासानंतर यमुनेस मिळणारी ही नदी म्हणजेच प्राचीन ग्रंथांतील चर्मण्वती होय. ग्वाल्हेरहून आग्र्यास जाताना आपण ती ओलांडतो, तेव्हा तिच्या काठची वाळू आपणांस ओसाड भासते. वस्तुतः ती अनेक जीवांचे सूतिकागृह आहे.

सुसरीचेच उदाहरण घेऊ. तिचा लांब, चिंचोळा जबडा मासे पकडण्यास उत्तम. परंतु पाय इतके दुबळे की, पूर्ण वाढलेली सुसर जमिनीवर अंग उचलून चालू शकत नाही. म्हणून खोल पाण्यालगतचा वाळूचा उतार तिला अत्यावश्यक असतो. तेथेच ती ऊन खाते आणि मार्च-एप्रिलमध्ये खड्डा खणून अंडी घालते. जूनच्या सुमारास, पावसाळी पुरापूर्वी, पिले बाहेर येतात. प्रौढ नराच्या नाकाडावर मडक्यासारखा उंचवटा असतो. त्या घड्यावरूनच हिंदीत या प्राण्यास घडियाल हे नाव पडले.

पाणचिरा हा पक्षी आपली लांब खालची चोच पाण्यात बुडवून, पाणी चिरीत उडतो व मासे टिपतो. त्याची अंडी नदीतील वाळूच्या बेटांवर उघडीच असतात. सभोवतीचे पाणी हाच त्यांचा कोट. पाणी फार ओसरले की बेट काठास जोडले जाते आणि कोल्ही-कुत्री अंडी फस्त करतात. कासवेही वाळूतच अंडी घालतात. काठच्या बेहडांत खैर, हिंगण, बोर, नेपती ही काटेरी झाडे-झुडपे मातीस धरून ठेवतात. पात्रात डॉल्फिन व पाणमांजरे वावरतात.

१९७८-७९ मध्ये येथे राष्ट्रीय चंबळ अभयारण्य स्थापन झाले. मुरैन्याजवळील देवरी येथे सुसरीची अंडी उबवून, पिले वाढवून नदीत सोडली जातात. तथापि बंदी असूनही वाळूचा चोरटा उपसा चालतो, आणि धरणे व पाणीउपसा यांमुळे उन्हाळी प्रवाह क्षीण होतो.

घर बांधण्यास वाळू लागते, हे आम्ही जाणतो. परंतु चंबळेच्या काठावरून उचललेल्या वाळूत कोणाचे तरी घर आधीच होते, एवढे आपण ध्यानी ठेवावे.