एका दांड्याला हजारो हात

लेथभोवती जमून काही कारागीर मिळून एकच वस्तू घडवतात. अक्कलकुवा तालुक्यात अशा सामूहिक कामाचं सर्वांत मोठं रूप लेथवर नाही, काठी गावच्या राजवाडी होळीत दिसतं. परंपरा सांगते की ही होळी इ.स. १२४६पासून पेटते आहे.

होळीचा दांडा म्हणजे सुमारे ७० फूट उंचीचा सरळ बांबू. तो गुजरातच्या जंगलातून आणतात. मग खरी मेहनत सुरू होते: दांड्याचा खड्डा कुदळ-फावड्याशिवाय, हातांनी माती उकरून खोदायचा. गर्दीतला जो तो मूठभर माती काढतो. दांड्याला आंब्याची पानं, खोबरं, खजूर आणि साखरेचे हार-कंगन बांधून तो उभा करतात.

व्रत धरलेले नर्तक, म्हणजे बावा आणि बुध्या, मोरपिसांचे टोप घालून, कमरेला घुंगरू नि सुके भोपळे बांधून ढोलाच्या तालावर रात्रभर नाचतात. एवढ्या लोकांचं काम, पण कारागीर म्हणून कुणा एकाचं नाव लागत नाही, आणि मला यातच त्याची थोरवी वाटते.

बघायला जायचं तर मुक्कामाच्या तयारीने जा. होळी पेटते ती पहाटे.